हातचा

खिडकी क्रमांक चार, बाहेर पडायच्या फाटकाला लागून.
नऊला आतिशबाजी, सव्वानऊला माझं शटर.
त्याआधीच्या अर्ध्या तासात येतात ते
ज्यांचं तिकीट आज रात्री मरणार असतं.

नियम साधा. दिवसातून चाळीसदा सांगते:
चार दिवसांचं तिकीट, चौथ्या दिवशी,
फाटकाबाहेर पाऊल पडायच्या आत
वर्षाच्या पासात बदलता येतं.
भरलेले पैसे वजा, उरलेले द्यायचे.
एकदा बाहेर पडलात की चार दिवस म्हणजे चार दिवस,
त्यांचं पुढे काही होत नाही.

सव्वीस वर्षं पोल्क काउंटीत मी शाळेची बस चालवली,
गुडघे गेले तेव्हा या स्टुलावर आले.
पायरी चढतानाच कळतं मला कोण
रडून आलंय, कोण भांडून, कोण डबा विसरून.
हा आला तो खिसे चाचपत.
टोर्नक्विस्ट, लीफ. पत्ता डुलुथ, मिनेसोटा.
मागे नऊ वर्षांची मुलगी, मारेन,
ओले बूट हातात, एक मोजा बेपत्ता.

म्हटलं, डुलुथहून वर्षभर येणार?
विमानाच्या भाड्यातच बुडेल पास तुमचा.
(पास विकला की आम्हाला गुण मिळतात, खोटं कशाला.
पण चुकीच्या थांब्यावर मी बसमधूनही
कुणाला उतरवलं नव्हतं.)

पत्ता बदलायचाय, तो म्हणाला.
हिची आई डेव्हनपोर्टला असते.
हेन्स सिटीत एक खोली पाहिलीय, टायरच्या दुकानावर,
सोमवारपासून काम: ट्रक तोलायचे काटे दुरुस्त करायचं.
मुलीनं मोजा शोधणं थांबवलं.
मला वाटतं, तिलाही ते तेव्हाच कळलं.
काच असते ना मधे,
माणसं काय काय सांगून टाकतात.

मग बंद तारखांचा कागद सरकवला.
स्वस्तातल्या पासाला हे दिवस चालत नाहीत:
नाताळचा आठवडा, ईस्टर,
नोव्हेंबरातला तो गुरुवार आणि त्याला चिकटलेले तीन.
लोक इथेच चिडतात.
त्यानं पाकिटातून दुसरा कागद काढला,
घडीवर घडी, न्यायालयाचा शिक्का,
दोन रंगांत वाटलेलं वर्ष.
पिवळे दिवस आईचे, निळे त्याचे.
दोन्ही कागद एकावर एक ठेवून
माझ्या दिव्यासमोर धरले.

आमचे बंद दिवस
एक सोडून सगळे पिवळ्यावर पडले.
तो हसला. वादळाची सुट्टी जाहीर झाली की
बसमधली पोरं हसायची तसा.
"म्हणजे माझं काहीच जात नाही!"
मी गप्प. त्या उरलेल्या एकावर बोट ठेवलं फक्त:
चार जुलै. निळा, आणि आमच्याकडे बंद.
"तेव्हा तळ्यावर जाऊ," मुलगी म्हणाली.
तिचं तेवढंच पहिलं वाक्य.

लहानपणी बेरजेत हातचा मी हटकून विसरायची,
उत्तर दहानं कमी, वहीवर लाल रेघ.
यंत्र विसरत नाही.
चार दिवस हातचे घेतले त्यानं,
उरलेला आकडा दाखवला;
लीफनं तो दोनदा वाचला, ओठ हलवत,
मग दोन कार्डांवर अर्धा अर्धा टाकला.

फोटोचा कॅमेरा मोठ्यांच्या उंचीला बसवलाय.
मारेननं टाचा उचलल्या, तरी आलं ते
नुसतं कपाळ, आणि बटांना चिकटलेले
गुलाबी म्हातारीचे केस.
परत काढू? विचारलं.
राहू दे, दोघं एकदम म्हणाले.

शटर अर्ध्यावर आणलं तर हा पळत परत:
पास असला की गाडी लावायचे पैसे पडत नाहीत ना?
सकाळी तीस डॉलर दिलेत.
पावती?
खिसे. पुन्हा खिसे.
निघाली ती मुलीच्या बुटातून, लगदा झालेली,
आकडा एकही धड नाही.
वाचता येतंय, मी म्हणाले, आणि तीस मोजून दिले.

मोजाही तिथेच होता.